खुर्ची किनाऱ्यावर, मी पाण्यात

ये गं धाकटे, जवळ सरक. बार्शीत बसून वाचत असलीस तरी माझ्याच ओट्याशी, माझ्यासमोर बसलीयस असं समज, कारण मला आधी तुझा कान धरायचाय. तुझ्या लेकीचा फोन आला होता. पोरगी हौसेनं अंदमानची तिकिटं काढायला निघालीय आणि तू म्हणतेस, तुम्ही जाऊन या, माझे गुडघे दुखतात, मी घरीच बरी. असं म्हणतात का गं? माझ्यापेक्षा लहान तू, आणि माझ्याआधी म्हातारी व्हायची एवढी कसली घाई? आता माझं सगळं ऐक आणि मग काय ते ठरव.

आमचं अंदमानला जायचं ठरलं तेव्हा मला कुणी घरी ठेवत नव्हतं, तसं खोटं कशाला सांगू. मुलगा, सून, नात आणि मी, असे चौघं जाणार होतो. तुझे दाजी मात्र येणार नव्हते. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो, आणि कधी येईल याचा नेम नाही. सगळेच गेलो तर पाणी भरणार कोण? ते म्हणाले, तुम्ही समुद्र बघा, मी नळ बघतो. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेव, घरात पाणी भरणारं माणूस ठेवूनच निघ, नाहीतर तिकडं जीव रमत नाही.

नातीनं मला मोबाइलवर दाखवलं होतं, तिथं माणसं रबराच्या रिंगेला धरून पाण्यावर पालथी पडतात आणि खाली रंगीत मासे बघतात. तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं होतं, हे आपण बघायचंच. आयुष्यभर मी पाणी बघितलं ते हंड्यात, टाकीत आणि टँकरच्या नळीत. पाण्याच्या आत काय असतं हे मला कुठं ठाऊक? पण मी काही बोलायच्या आधीच मुलगा बाजारातून एक खुर्ची घेऊन आला. घडी होणारी, निळ्या कापडाची. म्हणाला, "आई, आमी पाण्यात गेलो की तू हिच्यावर निवांत बस. सामानाकडं लक्ष बी ऱ्हाईल." लई प्रेमानं आणली होती गं, म्हणून तर बोलता येईना. सोलापूर ते हैदराबाद रेल्वेत आणि तिथून पुढं विमानात ती खुर्ची आमच्यासोबत आली. जिथं तिथं ती दिसली की माझ्या मनात यायचं, ही माझी जागा ठरवून आणलीय.

सामानाचं सांगते. जड साड्या नेऊ नकोस. तिकडच्या दमट हवेत कपडा वाळता वाळत नाही, आपल्याकडं पातेलं धुऊन पालथं घालेपर्यंत ओढणी वाळते तसं नाही ते. आपले पातळ पंचे ने, जाडजूड टॉवेल नको. गोळ्या हातातल्या पिशवीत. थोडे रोख पैसे जवळ ठेव, कारण मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते. आणि कडक भाकरी. हसू नकोस. ज्वारीच्या कडक भाकरीची चवड आणि शेंगाची चटणी मी डब्यात घालून नेली, तेव्हा सुनेनं विचारलंच, "आत्या, तिकडं काय दुष्काळ पडलाय का?" मी म्हटलं, दुष्काळ नसला तरी भाकरी कुणाला चावत नाही.

पोर्ट ब्लेअरहून दुसऱ्या बेटावर जायला मोठी बोट असते. त्या बोटीत मधल्या बाजूला बस, टोकाला नको, तिथं हेलकावे जास्त. आणि मान खाली घालून मोबाइलात बघायचं नाही, लांब जिथं पाणी संपतं तिथं नजर ठेवायची. उपाशी बसायचं नाही आणि तट्ट फुगूनही बसायचं नाही. मी भाकरीचा तुकडा मोडून चघळत बसले. आमचे चिरंजीव मात्र सकाळी वडा-सांबार दाबून आले होते, आणि वर सगळा वेळ मोबाइल. अर्ध्या वाटेत चेहरा पांढराफटक. मग माझ्याकडं हात पुढं करून म्हणतो, आई, जरा भाकरी दे. सून खिडकीकडं तोंड करून हसत होती. मी तुकडा दिला.

उतरलो ते ठिकाण साधंच होतं, सुपारीच्या झाडांत एका ओळीत बांधलेल्या खोल्या. तिकडं सूर्य लई लवकर उगवतो बघ. पाच वाजायच्या आत लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी आपल्या चहाच्या वेळेनंतर लगेच अंधार. त्यामुळं फिरायचं ते सकाळी, रात्री लवकर जेवून झोपायचं. मी पहिल्या सकाळी उजाडताच जागी झाले. न्हाणीत गेले तर नळ सोडल्याबरोबर धो धो पाणी. आणि धाकटे, माझे हात आपोआप चालायला लागले की गं. दोन्ही बादल्या भरल्या. मग टब भरला. मग किटली, पेले, पाण्याच्या बाटल्या, आणि नातीची वाळूत खेळायची प्लास्टिकची बादली. कचऱ्याचा डबा नवा कोरा होता, तोसुद्धा घासून भरला आणि सगळं दारासमोरच्या वऱ्हांड्यात ओळीनं मांडलं. वर ताटल्या झाकल्या.

खोल्या झाडायला आलेली बाई ते बघून मॅनेजरला घेऊन आली. तो हसला, वाईट काही बोलला नाही, पण मुलाला लाज वाटली. तो म्हणाला, "आई, हितं चोवीस तास पाणी असतंय." मी म्हटलं, असतंय म्हणून भरून ठेवलं तर काय बिघडतंय? त्यानं माझ्यादेखत एकेक भांडं उचलून सुपारीच्या बुंध्याशी ओतलं. भरलेलं पाणी ओतलेलं मी तोवर कधी बघितलं नव्हतं. नंतर तो जरा मऊ होऊन म्हणाला, तू दगदग करू नकोस, उद्या किनाऱ्यावर सावलीत खुर्ची मांडतो. म्हणजे झालं. पाणी भरलं ते भरलं, वर मी पाण्यात उतरायच्या लायकीची नाही असंच ठरलं.

दुसऱ्या दिवशी वारं सुटलं. असं वारं की सुपारी वाकून जमिनीला टेकेल. वर पाऊस. बोटी बंद, वीज गेली, आणि वीज गेली म्हणून पंप बंद. दुपारपर्यंत नळ कोरडे. बारा-पंधरा खोल्यांतली माणसं दारात उभी. आमच्या शेजारी कलकत्त्याकडचं कुटुंब होतं, त्यांच्याकडं तान्हं बाळ. मॅनेजर दारोदार सांगत फिरला, जनरेटरला डिझेल थोडंच आहे, दुपारी कधीतरी थोडा वेळ पंप चालवू, तेवढ्यात भरून घ्या. कधी म्हणजे कधी, ते त्यालाही सांगता येईना. माणसं थोडा वेळ नळाशी थांबली, कंटाळली आणि पावसाच्या आवाजात एकेक करून झोपली. आमचे तिघंही झोपले.

मी काय केलं ते तुला सांगायला नको, तूही तेच केलं असतंस. नळ सोडून ठेवला, खाली बादली पालथी घातली आणि तिच्यावर स्टीलची ताटली ठेवली. आपल्या गल्लीत नळाच्या दिवशी कोण जागं बसतं? ताटली वाजली की उठायचं. मीही आडवी झाले.

ताटली वाजली. माझ्या आधी नात दचकली, पण तोवर मी न्हाणीत होते. बादली सरळ केली, लावली, सुनेला हाक मारली, आणि तशीच बाहेर पडून पहिल्या खोलीपासून दारं वाजवत निघाले. पानी आया, पानी भरो, एवढंच माझं हिंदी. गुडघे? त्या वेळी गुडघे कुठं होते मला आठवत नाही. माणसं डोळे चोळत उठली, बादल्या लावल्या. ओळीतलं शेवटचं दार वाजवून परत येते तोच नळाची धार बारीक झाली आणि थांबली. सगळ्यांचं भरलं होतं गं, एकूण एक. बाळाची आई माझ्या दोन्ही हातांना धरून काय काय बोलली, मला बंगाली कळत नाही, पण कळलं. आमच्या वऱ्हांड्यात पुन्हा ओळ लागली, कचऱ्याच्या डब्यासकट. या वेळी डबा मुलानं घासला.

संध्याकाळी वारं पडलं. मेणबत्तीच्या उजेडात मी कडक भाकरी आणि चटणी शेजारच्यांनाही वाटली, कारण स्वयंपाकघर बंदच होतं. मुलानं भाकरी चावून संपवली. मग खुर्चीकडं बघत म्हणाला, "आई, उद्या ती खुर्ची न्यायची का?"

मी म्हटलं, "न्यायची की. तुला बसायला."

सून एवढी हसली की तिला ठसका लागला. मग मी त्याला सरळ सांगितलं, मला मासे बघायचेत. तो म्हणाला, आधी का नाही बोललीस? मी म्हटलं, तू मला बोलायच्या आधी बसवलंस ना.

आता हे नीट ऐक, कारण हे तुझ्या कामाचं आहे. समुद्रात साडी नेसून उतरायचं नाही. ओली झाली की पायांना गुंडाळते आणि माणूस पडतं. सुनेनं मला तिची सलवार आणि लांब कुडता दिला. जन्मात पहिल्यांदा सलवार घातली, आरशात बघून म्हटलं, ही कोण बाई? आपलं पोट, आपला बीपी, काय असेल ते तिथल्या गाइडला आधी सांगायचं, आणि डॉक्टरांना घरूनच विचारून निघायचं, मी विचारलं होतं. तरंगायचं जॅकेट घट्ट बांधून घ्यायचं, डोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा चढवायचा. तोंडात श्वासाची नळी धरली की तोंडानंच श्वास घ्यायचा, नाकाला विसरायचं. पहिल्यांदा मला जमेना, खारट पाणी घशात गेलं, खोकले. वाटलं, झालं, आता खुर्चीच. गाइड म्हणाला, माँजी, घाई नाही. आधी उथळ पाण्यात तोंड बुडवून बघा. दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा जमलं.

मग त्यानं रिंग ओढत मला पुढं नेलं, आणि पायाखालची वाळू सुटली. आणि काय सांगू, गुडघे दुखायचे थांबले. पाण्यात गुडघ्यांना कामच नाही गं! ज्या गुडघ्यांसाठी जिना चढताना मी देवाला हाका मारते, ते मागं नुसते तरंगत होते. जमिनीवर मी साठी उलटलेली, पाण्यात मला वयच नव्हतं. खाली बघितलं तर मासे. निळे, पिवळे, काळ्या पट्ट्यांचे. आपल्याकडच्या मागावरच्या चादरीचे काठ सुटून पोहायला लागले तर कसं दिसेल, तसं. एक तर माझ्या काचेसमोर येऊन थांबला आणि माझ्याकडंच बघत राहिला. मी हसले आणि पुन्हा पाणी तोंडात गेलं, म्हणून आणखी एक सांगते, मासा बघून हसू नकोस.

वर मान काढली तर किनाऱ्यावर निळी खुर्ची दिसली. तिच्यावर मुलगा बसलेला, मांडीवर आमच्या चपला आणि पिशव्या. लाटांत दोन मिनिटं थांबून त्याला पुन्हा मळमळायला लागलं होतं. मी हात केला. त्यानंही दोन्ही हात वर केले, एका हातात माझी चप्पल होती.

संध्याकाळी रेंज आली तसा तुझ्या दाजींना फोन लावला. त्यांनी आधी नळ आल्याचं सांगितलं, समदं भरलं म्हणाले. मी सांगितलं, मी समुद्रात उतरले.  तर विचारतात, "किती पाणी हाय?" मी म्हटलं, भरून संपायचं नाही एवढं.

येताना नातीनं शंख उचलले होते, ते तिथंच ठेवायला लावले. तिथून शंख-पोवळी आणता येत नाहीत, विमानतळावर बघतात, तुझ्या नातवंडांना आधीच सांग.

तर धाकटे, लेकीला फोन कर आणि हो म्हण. खुर्ची माझ्याकडं माळ्यावर पडलीय, ती मी तुला देणार नाही, मागू नकोस. सलवार मात्र सुनेकडून कायमची मागून घेतलीय, धुऊन घडी करून ठेवलीय, तुला बसते का ते बघायला हवं. बार्शीहून एसटीनं येशील तर दुपारच्या जेवणाला इथं पोचशील. कडक भाकऱ्या दोघी मिळून थापू. लवकर ये गं, आणि जमलं तर नळाच्या दिवशीच ये, पाणी भरू लागशील.