ताम्हणातली किल्ली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको होती तेव्हा तिलाही नाही. देवापुढं बसलो आणि मन या गोष्टीपाशी आलं, की मी घंटा जरा जोरात वाजवायचो — म्हणजे बघा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं माझी मान वाकत नाही. हा दोष जुनाच आहे.

मी गाड्यांचा वायरमन. हडपसरला गाडीतळाच्या अलीकडं माझं गॅरेज आहे. शाळा चौथीपर्यंत, तीही मारूनमुटकून. पण गाडीची वायर मला कळते. हॉर्न वाजेना, दिवा लागेना, सेल्फ मारला की नुसतं टकटक — मी बॉनेटवर हात ठेवायचो आणि सांगायचो, इथं बघ. तिथंच असायचं. लोक म्हणायचे, बाबूरावांच्या बोटांना डोळे आहेत. हे ऐकून ऐकून माणूस काय होतो, सांगू? बहिरा होतो.

मग त्या बटणाच्या किल्ल्या आल्या. तुम्ही बघितल्याच असतील. किल्ली खिशात ठेवायची, दाराच्या मुठीवरचं बटण दाबायचं आणि दार उघडतं. किल्ली आणि गाडी एकमेकींशी हवेतून बोलतात म्हणे. वायरच नाही! आता ज्याच्यात वायर नाही, त्याच्यावर मी हात कुठं ठेवू?

हे काम यायचं माझ्या सुनेला. कल्पना तिचं नाव. वर्ध्याकडची. लग्नाआधी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. माझा मुलगा महेश कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, त्याला गॅरेजचं अंग नाही. तीच एक दिवस म्हणाली, "मामा, मी येऊ का तुमच्यासोबत?" आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात. मी म्हटलं, ये, चहा तरी वेळेवर मिळेल. ती हसली. बरोबर स्वतःचं मशीन घेऊन आली — गाडीला जोडायचं आणि गाडी स्वतःच सांगते कुठं दुखतंय.

तिची एक रीत होती. किल्लीची तक्रार आली की ती गाडीला हात लावायच्या आधी विचारायची, "दुसरी किल्ली आणली का?" दुसरीनं गाडी उघडली तर दोष किल्लीत, नाही उघडली तर गाडीत. मग विचारायची, कुठल्या जागी उघडत नाही? घरीच, की सगळीकडं? एका माणसाची गाडी फक्त त्याच्याच पार्किंगमध्ये उघडायची नाही. हिनं जाऊन बघितलं, तर वर नवीन कॅमेरा बसवला होता, त्याच्या लहरी मधे येत होत्या. मी तर ती गाडी निम्मी उकलून ठेवली असती.

हळूहळू लोक गॅरेजच्या दारात येऊन विचारायला लागले, "सूनबाई आहेत का?" मी समोर उभा असायचो. समोर! खोटं कशाला बोलू — मला ते टोचायचं.

आता दसऱ्याचं सांगतो. सगळं तिथूनच आहे.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पूजतो. सगळेच पूजतात. पण बाकीचे नुसती फुलं वाहतात, पाणी शिंपडतात. माझ्या उस्तादाची शिकवण वेगळी. हत्याराला न्हाऊ घालायचं. पक्कड, टेस्टर, पाने, आणि त्या दिवशी गॅरेजात असलेल्या गाड्यांच्या किल्ल्या, सगळं ताम्हणात घ्यायचं. वरून पंचामृत, मग पाणी, मग पुसून हळदकुंकू. लोखंडाला काय होतंय? पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, झालं. गिऱ्हाइकाची किल्ली पुजून द्यायची, हा माझ्या गॅरेजचा मान होता. लोक कपाळाला लावून घ्यायचे.

त्या वर्षी कर्वेनगरच्या एका बाईंची गाडी मागच्या दिव्यांच्या कामाला आलेली. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. जीभ अशी, की समोरचा आपोआप सरळ उभा राहतो. त्यांच्या किल्लीतला सेल उतरला होता. कल्पनानं किल्ली उघडून तो गोल चपटा सेल बदलून दिला. हे नवमीच्या आधी. आणि नवमीला ती किल्ली बाकीच्यांबरोबर ताम्हणात गेली. मीच ठेवली. कल्पना त्या दिवशी घरी होती, पाहुणे होते.

ठेवताना वाटलं का काही? वाटलं. प्लास्टिकची आहे, असं वाटलं. मग म्हटलं, हिला वेगळा न्याय कशाला? दही, दूध, मध, साखर, सगळं ओतलं. पुसली. कुंकू लावलं. दसऱ्याला बाई गाडी घेऊन गेल्या, किल्ली चालली. मी विसरलो.

थोड्या दिवसांनी बाईंचा फोन. "बाबूराव, तुमच्याकडं दिल्यापासून गाडी मला ओळखत नाही. मनात आलं तर उघडते. अगदी आमच्या ह्यांच्यासारखी." कल्पनानं विचारलं, दुसरी किल्ली? तर ती बँकेच्या लॉकरमध्ये! दागिन्यांशेजारी. आणून बघा, असं ठरलं. पण त्याआधीच ते खडकवासल्याचं झालं.

बाई यजमानांना घेऊन धरणावर गेल्या होत्या. यजमानांना साखरेचा आजार, गुडघेही गेलेले. फिरून आले, आणि गाडी उघडेना. डोक्यावर ऊन. औषधाची, खडीसाखरेची पिशवी गाडीत. यजमानांची साखर एकदम उतरली, घाम फुटला, हात कापायला लागले. बाईंनी गॅरेजला फोन लावला. मी उचलला, आणि मला सांगू काय ते सुचेना. कल्पनानं माझ्या हातातून फोन घेतला. शांतपणे म्हणाली, "घाबरू नका. किल्लीच्या कडेला एक खटका आहे, तो दाबा. आतून लोखंडी पातं निघेल. मिळालं? दाराच्या मुठीला भोक आहे, त्यात घाला. सायरन वाजला तर वाजू द्या. आधी काकांना साखर द्या, मग बोलू." मग गाडी चालू कशी करायची तेही सांगितलं — किल्लीच त्या चालू करायच्या बटणाला टेकवून धरा, अगदी चिकटवून. झाली चालू.

बाई फोनवर रडल्या. असल्या कडक बाई! म्हणाल्या, "पोरी, तू आज माझं कुंकू राखलंस."

मी शेजारी चहा घेत बसलो होतो. मला बरं वाटायला हवं होतं, नाही का?

दोन्ही किल्ल्या घेऊन बाई गॅरेजला आल्या. दुसरीनं गाडी दर खेपेला उघडली. म्हणजे दोष पहिल्या किल्लीत. बाई म्हणाल्या, "मग हिच्यात झालंय तरी काय?" कल्पना म्हणाली, "उघडून बघू. मी सेल बदलला तेव्हा आत स्वच्छ होती." आणि तिनं हात पुढं केला.

मी किल्ली मधेच घेतली. म्हणालो, "राहू दे. आता मीच बघतो. तू उघडलीस तेव्हाच आत काहीतरी दुखवलं असणार."

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला खरंच तसं वाटलं असेल. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगितलं — की मला नंतर कळलं, मागच्या खोलीत किल्ली उघडल्यावर. नाही. किल्ली हातात आली तेव्हाच तिच्या दोन झाकणांमधल्या फटीत मला लाल रेघ दिसली. कुंकवाची. बारीक, केसाएवढी. दिसली, आणि मग मी ते वाक्य बोललो. आधी दिसली. मग बोललो.

मागं जाऊन उघडली. आत साखर वाळून चिकट झालेली, पिनांवर हिरवा गंज, दुधाचा आंबूस वास. ब्रश आणि स्पिरिटनं साफ केली, पिना घासल्या. चालली. बाहेर येऊन बाईंच्या हातात दिली. बाई म्हणाल्या, "शेवटी जुनं ते सोनं." कल्पनाकडं वळून म्हणाल्या, "शिक गं जरा सासऱ्यांकडून." खडकवासल्याचं कुंकू तिथंच पुसलं गेलं. कल्पना मशीनची वायर गुंडाळत होती. ती गुंडाळतच राहिली.

बाईंना ओळखी पुष्कळ. कर्वेनगरातून येणारं गिऱ्हाईक आधी सांगायला लागलं, किल्ली सुनेच्या हातात नको. मी एकदाही म्हटलं नाही की बाबा, तसं नाही. उलट मिशीत हसलो असेन. थोड्या महिन्यांत तिनं गॅरेज सोडलं. एका कंपनीत पॅकिंगला लागली, दिवसभर उभं राहायचं काम. घरी येऊन पाय कोमट पाण्यात घालून बसायची. मी त्याच खोलीत बातम्या बघायचो. आवाज वाढवायचो.

आणि गॅरेज? रस्त्यावर तसल्याच गाड्या वाढल्या. मी पाटी लावावी तसा बोलायचो, "असल्या गाड्या आम्ही घेत नाही." गिऱ्हाईक कमी झालं. माझे हात थरथरायला लागले. एक दिवस महेशला म्हटलं — तिला नाही, महेशला — की तिला विचार, येते का. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागेल. मी असतो तर ऐकवलं असतं! दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघांचा डबा घेऊन गाडीपाशी उभी. म्हणाली, "चला मामा, उशीर होतोय." बस, एवढंच.

त्याच वर्षीची खंडेनवमी. मी ताम्हण मांडलं, पंचामृत कालवलं. कल्पनानं पर्समधून लहान लहान प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या. बटणाची एकेक किल्ली पिशवीत घातली, तोंडाला रबर गुंडाळलं, ओढून बघितलं. मग पक्कड आणि टेस्टरच्या शेजारी हारीनं मांडल्या. म्हणाली, "आता ओता, मामा."

माझा हात वाटीवर तसाच राहिला. म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून? त्याच दिवशी फटीतली रेघ तिलाही दिसली असेल का? की मागच्या खोलीतल्या फडक्यावरचं कुंकू? मी विचारलं नाही. तिनं एकदा वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग शोधला मी, खरंच शोधला. तिला फक्त दही किल्लीत जाऊ द्यायचं नव्हतं. माझी पूजाही मोडायची नव्हती. मी ओतलं.

तेव्हापासून दर वर्षी पिशव्या ती आणते. पंचामृत मी ओततो. माझ्या गॅरेजचा मान राहिला आहे, तो तिनं ठेवलेला आहे. मी जेवतो ते तिच्या कामावर. हात धुवायला पाणीसुद्धा आधी माझ्याकडं येतं. एवढं एखाद्याला फुकट मिळावं? मी सकाळी दिवा लावतो तेव्हा आता घंटा हळू वाजवतो आणि तिचं नाव घेतो. एवढीच माझी पूजा उरली आहे.

पण एक अजून सांगायचं राहिलंच. त्या बाई अजून येतात. यजमानही असतात, खुर्ची टाकून देतो. परवाच आल्या. सेल बदलायचा होता. म्हणाल्या, "बाबूराव, किल्ली मात्र तुम्हीच उघडा हं." मी किल्ली घेऊन मागच्या खोलीत गेलो. माझ्या थरथरत्या बोटांनी ती आता उघडत नाही. कल्पना मागोमाग आली, तिनं उघडली, सेल घातला, झाकण दाबून बंद केली आणि माझ्या हातात दिली. मी बाहेर नेऊन बाईंना दिली. बाई म्हणाल्या, "वा! बोटांना डोळे आहेत तुमच्या." आणि मी मान हलवली. परवासुद्धा.

ती किल्ली मी बिघडवली होती. कल्पनानं नाही.