घोडीच्या नावावर

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, देवासमोर नाही, मित्रांत बसून दोन घोट घेतल्यावरही नाही. तुम्हाला का सांगतोय? नीट माहीत नाही. थकलो असेन, इतकंच.

मांडव्याजवळ एका बंगल्यामागे तबेला आहे. घोडे मुंबईच्या मॅडमचे, देखरेख माझी. मॅडम शनिवारी बोटीनं यायच्या आणि रविवारी परत जायच्या. मधले दिवस मालक मीच — निदान तोरा तरी तसाच होता.

आमच्याकडच्या बंगलेवाल्यांत तेव्हा एक खूळ शिरलं होतं. जनावरांच्या मनातलं ओळखणारी कुणी एक बाई. तिला फोटो पाठवायचा, ती डोळे मिटते आणि तुमच्या कुत्र्याला काय सलतंय ते सांगते. शेजारच्या मांजराला म्हणे पडद्यांचा रंग आवडत नव्हता — पडदे बदलले त्यांनी! मी हसून बेजार. अहो, अंगात येणाऱ्याला निदान घाम तरी फुटतो. एकदा मी गंमत म्हणून खोट्या नावानं आमच्या एका मेलेल्या घोडीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, तिला हल्ली गाजरं कमी मिळतात. बाईंचा तो आवाज माझ्या फोनमध्ये होता. भेटेल त्याला ऐकवायचो. मॅडमना मात्र नाही. त्या बाईवर त्यांचा फार विश्वास, आणि मालकिणीच्या श्रद्धेला कोण हसणार?

मूळ गोष्टीवर येतो. येतोय.

चांदणी नावाची पांढरी घोडी मॅडमची लाडकी. तिचं सगळं नामदेव करायचा, आमचा मोतद्दार. माणसांशी मोजकं बोलणारा हा माणूस खरारा करताना तिच्याशी अखंड बडबडायचा. तो आपल्या गावच्या जत्रेला गेला होता, तेव्हाच दोन गावं पलीकडे माझ्या भाच्याचं लग्न आलं. बहीण म्हणाली, "दादा, घरात घोडी असून पोरानं गाडीतनं जायचं का?" घरात! माझी छाती फुगली. मॅडमना न विचारता मी चांदणीला वरातीत नेलं.

वाळूवर चालणारी घोडी ती. डांबरी रस्ता, डीजेच्या भिंती, आणि कुणीतरी पायाशीच लवंगी माळ लावली. ती उधळली. नवरदेव कसाबसा उतरला, फेटा रस्त्यावर. लोक हसले. त्यांचं हसणं मला झोंबलं — आणि मी तिला मांडवामागे नेऊन काठीनं मारलं. तोंडावर. थांबता येत होतं. थांबलो नाही.

नामदेव परतला, तेव्हा कुणी नुसता हात वर केला तरी ती थरथरायची. "दादा, हिला काय झायलं? अशी न्हाय ती," असं तो मला विचारत राहिला. साप बघितला असेल, म्हटलं.

मॅडमनी त्या बाईला फोटो पाठवला. चांदणीचं म्हणणं असं आलं: रोज माझ्याजवळ असणारा माणूस मला मारतो. बोलाफुलाची गाठ, दुसरं काय? बुजलेल्या कुठल्याही घोड्याला हे वाक्य चालतं. मॅडमच्या डोळ्यांसमोर मात्र नामदेवच उभा राहिला. त्यांनी मला ओटीवर बोलावलं आणि विचारलं — तुम्ही इथेच असता, तुम्हाला काय वाटतं?

फोन खिशात होता. मेलेल्या घोडीची गाजरं ऐकवली असती, तर बाईंचं पितळ तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. पण मग मॅडमनी पुढचं विचारलं असतं — चांदणी भिते तरी कुणाला? तो प्रश्न मला नको होता. मी म्हटलं, "मॅडम, मुकं जनावर खोटं कशाला बोलेल?"

मी म्हटलं. त्या बाईची गावभर टर उडवणाऱ्यानं.

नामदेव त्याच दिवशी गेला. त्यानं शपथ घेतली, रडला. मी तेव्हा दाण्याचं पोतं उतरवून घेण्यात गुंतलो होतो — म्हणजे तसं दाखवत होतो. बातमी बंगल्याबंगल्यांतून फिरली. घोडं मारणारा माणूस कोण ठेवणार? त्याला पुन्हा कुठल्याच तबेल्यात काम मिळालं नाही. चांदणीची भीती गेली नाही, म्हणून मॅडमनी तीही देऊन टाकली. कुठे आहे, मला माहीत नाही. मी अजून तिथेच आहे.

मध्यंतरी कामासाठी उरणला गेलो होतो. कंटेनरच्या एका यार्डाच्या फाटकावर नामदेव पहाऱ्याला होता. मी मान खाली घालून पुढे निघालो, पण हाक त्यानंच मारली. टपरीवर नेलं. चांदणी कशी आहे, विचारलं. बरी आहे, म्हटलं.

"त्या बाईनं मॅडमचं डोकं फिरवलं," तो म्हणाला. "तुमी माझे बाजूनं बोलला असाल दादा, मना म्हाईत हाय."

चहा आला. माझ्यासाठी त्यानं बिस्किटं मागवली. मी मान हलवली, बोललो होतो अशी — आणि चहा प्यायलो.