ओढ्यात पोरांचे पाय

"बाई, आगगाडी सोडलीत काय? डब्याला डबा जोडत सुटलात!"

माईक ओठांशी होता. त्याच्या जाळीला गार लोखंडाचा वास. डहाणूचं सभागृह हसलं, शंभरेक शिक्षक हसले. साल २०१७. प्रशिक्षणाचा विषय : लक्षात राहील असं बोला. प्रत्येकाने आपल्या शाळेवर एक मिनिट बोलायचं. मी सायवनकडच्या एका पाड्यावर शिकवते. मी म्हणत होते :

"आमच्या शाळेला नाही वाट. वाट होती, ती गेली ओढ्यात. ओढ्यात पोरांचे पाय. पायांत..."

तिथेच तज्ज्ञ सरांनी आगगाडी काढली. वर म्हणाले, "तोच शब्द पुन्हा आला की शब्दांचं दारिद्र्य उघडं पडतं. बसा."

मी बसले. त्याची लाज अजून जळते.

मी बोलत होते ती रीत आईची. आई धवलेरी. आमच्या पाड्यांवर लग्न तीच लावते, गाऊन. हाती पोथी नाही. ओळीचा शेवटचा शब्द उचलायचा, त्याच्यावर पुढची ओळ उभी करायची. एक कडी निसटत नाही.

दुपारी सरांच्या पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली : दामयमक. ओळीच्या अंती जो शब्द, तोच पुढच्या ओळीच्या आरंभी.

"केवढी ही कारागिरी!" सर म्हणाले. वह्यांवर पेनं सरसरली.

मी उठले. "सर, सकाळी मी हेच केलं."

"बाई, तुमचं ते पाड्यावरचं गाणं. गोड असतं. हा अलंकार आहे."

कच्चा चिकू चावल्यासारखी जीभ तुरट, चिकट झाली. तरी हलली.

"सरांचं सकाळचं एक तरी वाक्य कुणाला आठवतं?" मी सभागृहाला विचारलं. वह्यांची पानं मागे चाळली गेली. "आणि माझं?"

सकाळी सगळ्यांत मोठ्याने हसलेले चिखले गावच्या शाळेचे गुरुजी खाली बघत म्हणाले, "ओढ्यात पोरांचे पाय."

"वेळ संपला, बाई," सर म्हणाले.

"माझं मिनिट सकाळपासून उरलंय, सर." आणि मी ते पुरं केलं : "पायांत काटे. काटे काढायचे मी. मी शिकवायचं कधी?"

कुणी हसलं नाही. म्हणून माझा राग उतरला, असं नाही. बी.ए.च्या पेपरात दामयमकाचं उदाहरण मीही पुस्तकातलंच लिहिलं होतं. आईच्या ओळी जिभेवर असताना. पूर्ण गुण मिळाले. सरांनी मला त्या दिवशी बसवलं. आईला मी त्याच्या कितीतरी आधी बसवलं होतं.

आता नाही. माझ्या फळ्यावर उदाहरण आईचं, खाली तिचं नाव. ज्याला तो अलंकार वाटत नसेल, त्याने ओढा ओलांडून माझ्या वर्गात यावं आणि उभ्याने कारण सांगावं.