खिडकीत ऑर्किड, आत सिमेंट

दारात पत्रं टाकायची फट असते, तिच्यातून मी वाकून आत पाहिलं आणि हबकलेच. खिडकीत ऑर्किडच्या कुंड्या, स्वच्छ पडदे, लावलेला दिवा. आत मात्र नुसतं सिमेंट. इथे घर सोडताना लोक जमिनीवरच्या लॅमिनेटच्या फळ्यासुद्धा उचकटून नेतात. म्हणजे घर रिकामं होतं.

मी नेदरलँड्समधल्या एका लहान शहराच्या नगरपालिकेत इंटर्न आहे. घराचे हप्ते थकले की बँक घर ताब्यात घेते. अशी घरं पडून राहिली की सगळी गल्ली खचते. तशा गल्ल्यांसाठी सरकारी फंड आला होता. माझा बॉस मार्टिन म्हणाला होता, "सायकलवरून जा, खिडक्या बघ. इथे जिथे माणूस राहतो, तिथे खिडकी सजलेली असते."

सजलेल्या खिडक्या बघून या गल्लीपुढे मी 'मदत नको' लिहिलं होतं. यादी संध्याकाळी द हेगला, सरकारकडे जाणार होती. पण इथे घरोघरी सायकल असते आणि या गल्लीत एकाही दारापुढे ती नव्हती, ते डोक्यातून जाईना. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. ऑफिसात शंका विचारायचा धीर होत नाही. म्हणून गुपचूप परत आले होते.

"काय शोधतेस?"

मागे झारी घेऊन एक बाई उभ्या होत्या, शेजारच्या घरातल्या रिआ. सत्तरीच्या असतील.

"मेफ्राउ, इथे कोण राहतं?" मी विचारलं. मेफ्राउ म्हणजे बाईसाहेब; नुसत्या नावाने हाक मारायला मी अजून धजत नाही.

"कोणी नाही. कुंड्या, पडदे, दिवा, सगळं माझं."

सुट्टीवर जाताना झाडांना पाणी घालायला शेजारी त्यांच्याकडे मागच्या दाराची किल्ली ठेवत. घरं गेली, किल्ल्या राहिल्या.

"अजून कुठली घरं?"

त्यांनी झारी फिरवून समोरची अख्खी रांग दाखवली.

"पण मेफ्राउ, यामुळे तुमचा फंड जातोय!"

"म्हणजे आधी भिकार दिसायचं, मग मदत?"

मी मार्टिनला फोन केला. तो आला, फटीतून बघायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"यादीला फोटो लागतात," तो शेवटी म्हणाला. "उजाड खिडक्यांचे."

"काढ," रिआ म्हणाल्या. "पण कुंड्या तूच उतरव. आणि तूच परत ठेव."

गल्ली यादीत गेली. फंडही मिळाला. पण त्या दिवशी निघताना, सायकलवर टांग टाकत मार्टिन जे म्हणाला, त्याने मी आणखीच हादरले.

"बाकीच्या ज्या गल्ल्या आपण खिडक्या बघून सोडल्या, तिथे कोण पाणी घालतंय?"

आता मी खिडकी बघून काही लिहीत नाही. बेल वाजवते. कोणी आलं नाही, तर फटीतून वाकून जमीन बघते.