निळा ठिपका आणि अप्पांची होडी

आमच्या घरी नवी बोट यायची होती, आणि ती पाण्यातून येणार की रस्त्याने यावरून घरात दोन पक्ष पडले होते. पाण्याच्या पक्षात अप्पा, म्हणजे माझे वडील. रस्त्याच्या पक्षात मी. आई तटस्थ होती, म्हणजे अप्पांच्या बाजूने होती. माझी बायको कविता म्हणाली, "मला बोटच नको होती," त्यामुळे तिचं मत बाद धरण्यात आलं.

आमचं गाव भिवंडीच्या खाडीकाठचं. अप्पांनी तरुणपणी याच खाडीत होडी चालवली. पुढे राहनाळच्या शेतात भाताऐवजी गोदामांचे गाळे उभे राहिले, ते कंपन्यांना भाड्याने गेले, बंगला झाला, आणि होडी मागच्या दारी पडून पडून कुजली. तिचं एक वल्हं तेवढं उरलं. ते आईने अंगणातल्या कपड्यांच्या दोरीला टेकू म्हणून लावलं. मीही साधारण त्याच सुमारास शेठ झालो. शेठ म्हणजे ज्याला दिवसभर फोन येतात आणि जो "बघू" म्हणतो.

अप्पांचं एकच दुःख होतं. नारळी पौर्णिमेला ते सोनेरी कागद लावलेला नारळ काठावरून खाडीत सोडायचे आणि पाणी तो परत त्यांच्या पायाशी आणून ठेवायचं. ते पुन्हा सोडायचे, तो पुन्हा यायचा. गेल्या वर्षी शेवटी तो एका कुत्र्याने नेला.

"खाडी घेत न्हाय रं माझा नारल," घरी येताना अप्पा म्हणाले. "होडीतना सोडायचा त्यो काठावरना सोडतो मी. कशी घेईल?"

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "अप्पा, पुढच्या पौर्णिमेला तुमची स्वतःची होडी." (वाईट वाटलं की मी जाहीर करतो. आमच्या घरातलं ट्रेडमिल असंच आलेलं आहे.)

लाकडाची होडी बांधणारा सुतार काही मिळेना. एक मिळाला, तो आता मॉड्युलर किचन करतो. म्हणाला, "शेठ, होडीला ड्रॉवर लागणार का?" मग मी मोबाईलवर चीनमधला कारखाना शोधला. फायबरची बोट, मागे छोटं इंजिन. रंग अप्पांनी निवडला: निळा, कडेला तांबडा पट्टा, अगदी जुन्या होडीसारखा. एजंटने पत्ता विचारला तेव्हा मी राहनाळच्या गाळ्याचा दिला. आमच्याकडे सगळेच तसं करतात. गावातलं घर कुठल्याही डिलिव्हरीवाल्याला सापडत नाही, आणि गाळा आंधळ्यालाही सापडतो. कविताचे ड्रेससुद्धा गाळ्यावरच येतात.

एजंटने जहाज कुठवर आलं ते दाखवणाऱ्या लिंक पाठवल्या. मी शेवटची उघडली. समुद्राच्या नकाशावर एक निळा ठिपका दिसला. त्या ठिपक्याने आमचं घर डोक्यावर घेतलं.

सकाळी चहाआधी अप्पांचा प्रश्न, "कुठं आली?"

"कोलंबोजवळ."

"कोन चालवतंय?"

"अप्पा, ती मोठ्या जहाजावर आहे. डब्यात. कंटेनरमध्ये."

अप्पांनी आईकडे बघितलं. "होडी डब्यात घालून आनतात म्हनं. मासे काय रिक्षानं येतात?"

त्यात त्यांची तरी काय चूक? त्यांच्या काळी लांबच्या बंदरात बांधलेली होडी बांधणाऱ्याचाच माणूस पाण्यातून घेऊन यायचा. भरतीबरोबर ती गावच्या खाडीत शिरायची. घरची बाई तिला ओवाळायची, आणि होडी आणणाऱ्याला सगळ्यांच्या आधी जेवू घालून टोपी-टॉवेल द्यायचे. त्यामुळे अप्पांना ठिपक्यात बसून होडी हाकणाऱ्या त्या तांडेलाची काळजी लागली.

"चायनाचा मानूस," ते आईला म्हणाले. "चिंबोरी खातो का बग."

"सगला खातात ते," आई म्हणाली. "भाकरी खातील का, ते सांगा."

मी दोन-तीनदा समजावलं आणि मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर हळूहळू माझाही गोंधळ व्हायला लागला. ठिपका थांबला की मला चैन पडेना. एकदा तो दिवसभर एका जागी होता, तेव्हा मी स्वतः म्हणालो, "जेवायला थांबला असेल."

अशा नाजूक दिवसांत गाळ्यावरून मिश्राजींचे फोन सुरू झाले. मिश्राजी म्हणजे आमच्या भाडेकरू कंपनीचे मॅनेजर, अतिशय सज्जन आणि अतिशय चिकट.

"सेठ, आप के गाले में किसी का लंबा बक्सा पड़ा है. फोर्कलिफ्ट नहीं घूम रही."

"मिश्राजी, गाला आपको दिया है, तो बक्सा भी आपका."

"हमारा नहीं है, सेठ. हम तो साबुन रखते हैं."

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "सेठ, पर्ची भीग गई है. मालिक का नाम मिट गया, सिर्फ अपने गाले का पता दिखता है."

मी तेव्हा ठिपका बघत होतो. तो नुकताच केरळच्या अंगाने वर सरकायला लागला होता. माझं डोकं फिरलं. "मिश्राजी, यहाँ मेरी बोट समुंदर में है और आप बक्सा बक्सा कर रहे हो! जिसका है वो बेवकूफ आएगा लेने. नहीं आया तो फेंक दो बाहर."

"जी सेठ," मिश्राजी म्हणाले. सज्जन माणूस.

स्वयंपाकघरातून कविता म्हणाली, "अहो, एजंटला एकदा फोन तरी करा."

"ठिपका दिसतोय ना मला," मी म्हणालो. एजंटचे फोन येऊन गेले होते, हे मला नंतर कळलं. नंबर अनोळखी दिसला की लोनवाला समजून मी कापतो. त्याला तर मी एकदा "मला काही नकोय" असंही बजावलं होतं.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी ठिपका मुंबईला लागला. मी अंगणात येऊन ओरडलो, "आली! उद्या होडी येणार!" कुठून, कशी, कोण आणणार, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. पण अप्पांचा चेहरा असा उजळला की पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघेचना. रात्रीत आमंत्रणं गेली, बॅंडवाला ठरला, आईने चिंबोऱ्या, म्हणजे मोठाले खेकडे, आणवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव धक्क्यावर. अप्पा पांढऱ्या कपड्यात, हातात सोनेरी नारळ. आई ओवाळणीचं ताट घेऊन. पाणी चढत होतं. बॅंडवाल्याने विचारलं, "शेठ, सुरू कधी करायचं?" मी म्हणालो, "होडी दिसली की." एवढ्यात वळणावरून एक होडी आली. बॅंड दणक्यात सुरू झाला, आई ताट घेऊन पुढे झाली. होडी रेतीवाल्यांची निघाली. त्यातले दोघं घाबरून उभे राहिले. एकाने तर हात वर केले.

"चायनाचे न्हाय हे," आई निराश होऊन म्हणाली, पण ओवाळायला काढलं म्हणून त्यांना ओवाळलंच.

भरती पुरी झाली. पाणी थोडा वेळ थांबल्यासारखं झालं. यानंतर ते उतरणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मी मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलो होतो. अप्पा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "राहू दे रं. लांबचा परवास, व्हतो उशीर. मी काठावरना सोडतो." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि त्याच वेळी मोटारसायकलवरून मिश्राजी आले.

"सेठ, फोन नहीं उठा रहे आप. आज नया माल आया है, जगह नहीं है. वो बक्सा बाहर निकलवाया, तो एक कोना फट गया. मैंने सोचा, फेंकने से पहले एक बार दिखा दूँ." आणि त्यांनी मोबाईल पुढे केला.

मी बघायच्या आत अप्पांनी बघितलं. फाटलेल्या पुठ्ठ्यातून एक निळं नाक बाहेर आलं होतं. कडेला तांबडा पट्टा.

"ही माझी होडी हाय," अप्पा म्हणाले.

"पण ठिपका..." मी म्हणालो.

"ठिपका घाल चुलीत," माझी आई म्हणाली.

पुढचा प्रसंग गावाने पाहिला, मी फक्त त्यात धावलो. गाळ्यातून होडी टेम्पोवर चढली. निम्मी टेम्पोत आणि निम्मी बाहेर, मागे लाल फडकं. अंजूरफाट्याला नेहमीप्रमाणे गाड्यांचा चिखल झाला होता. तिथे मी उतरून हात जोडत पुढे चालत होतो, "भाईसाहब, जाने दो, पानी उतर रहा है." एका ट्रेलरवाल्याने आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता वाट दिली. अशा प्रकारे चीनची होडी राहनाळच्या रस्त्याने, साबणाच्या वासासकट, आमच्या खाडीत आली. पाण्याचा पक्ष हरला होता, पण रस्त्याच्या पक्षाचं अभिनंदन करायला कोणी आलं नाही.

आईने ओवाळलं. होडी पाण्यात उतरली. अप्पा चढले, मागे वळून बघितलं आणि विचारलं, "मशीन कुठं हाय?"

मशीन नव्हतं. मी एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "सर, बोट तर कधीच डिलिव्हर झाली. इंजिन वेगळ्या जहाजाने येतंय, दोन लिंक पाठवल्या होत्या ना? ते कालच मुंबईत लागलं." म्हणजे इतके दिवस आम्ही सगळे मिळून एका इंजिनाची काळजी करत होतो. चिंबोऱ्यासुद्धा त्याच्याच नावाने आणल्या होत्या.

पाणी उतरायला लागलं होतं. लोक माझ्याकडे बघत होते. आई तडक घरी गेली आणि आली तेव्हा तिच्या खांद्यावर वल्हं होतं. (अंगणातले कपडे सगळे चिखलात. माझे तीन शर्ट आजही त्या रंगाचे आहेत.)

अप्पांनी वल्हं हातात घेतलं, अंगठ्याने त्याची मूठ चाचपली आणि हाक मारली, "मिशराजी, या. होडी तुमी आनली. आधी तुमी बसा."

"मुझे तैरना नहीं आता, बाबा," मिश्राजी म्हणाले.

"मना येतो," अप्पा म्हणाले आणि त्यांना हात धरून आत घेतलं. मीही चढायला गेलो तर मला म्हणाले, "तू ढकल."

मी गुडघाभर चिखलात उभं राहून ढकललं. अप्पांनी खाडीच्या मध्यावर जाऊन नारळ सोडला. तो डुचमळला, वळला आणि ओहोटीबरोबर समुद्राकडे चालता झाला. परत आला नाही. अप्पा कितीतरी वेळ त्या दिशेला बघत उभे होते आणि मिश्राजी त्यांचा सदरा घट्ट धरून बसले होते. मला चिखलातल्या चिखलात रडू आलं.

चिंबोऱ्यांचा मान मिश्राजींचा होता, पण ते शाकाहारी निघाले. आईने त्यांना वेगळी भाजी करून सगळ्यांच्या आधी वाढलं. टोपी-टॉवेल त्यांनाच दिला. मला आंघोळीसाठीही टॉवेल मिळाला नाही.

अप्पा आता रोज वल्हं मारत खाडीत जातात. इंजिनाच्या बाबतीत मात्र मी पुन्हा चूक होऊ दिली नाही. एजंटला बजावून सांगितलं, "गाळ्याचा पत्ता खोडा. थेट घरचा टाका." इंजिन निघालं, गावात चार चकरा मारल्या, घर सापडलं नाही, आणि 'पत्ता चुकीचा' म्हणून माल आला होता तिथे परत निघाला.

अप्पा अजून सकाळी चहाआधी विचारतात, "मशीन कुठं आलं?"

मी ठिपका बघून सांगतो, "कोलंबोजवळ." खोटं बोलत नाही. फक्त त्याचं तोंड चीनकडे आहे.