नातीच्या बँडनं पट्टी उतरवली

मला पेटी एकाच पट्टीत वाजवता यायची, काळी चारमध्ये. हे मी आज कबूल करते आहे. तेव्हा कबूल केलं असतं तर आमच्या विहारातल्या महिला मंडळाची पेटीवाली म्हणून माझा जो तोरा होता, तो त्याच दिवशी नाल्यातून वाहून गेला असता. शेजारच्या काकांनी मला तेवढी एक पट्टी शिकवली आणि दुसरी शिकवायच्या आत त्यांची बदली झाली. काळी चार म्हणजे चांगली उंच पट्टी. मंडळातल्या सगळ्या बाया तिथेच गायच्या. ज्यांचा आवाज तिथवर पोचत नसे त्या किंचाळायच्या, आणि मी त्याला जोश म्हणायचे.

अशात परसवाड्याकडची एक नवी सून आमच्या वार्डात आली. आवाज जाड, खोल. पहिल्याच सरावाला, वरच्या ओळीवर तिचा आवाज फाटला. मी भाता बंद केला, मोठ्या उस्तादासारखी मान हलवली आणि म्हटलं, "तू बेसूर हायेस बाई. तू टाळ वाजव."

तिनं बिचारीनं पुढं कितीतरी दिवस गुमान टाळ वाजवला. मग एका जयंतीला नागपूरची गायन पार्टी आली. त्यांच्या पेटीवाल्यानं तिला भांडी घासताना गुणगुणताना ऐकलं, जवळ बोलावलं आणि पट्टी खाली, आणखी खाली आणून सूर धरला. ती गायली तेव्हा पंगतीत वाढणाऱ्यांचे हात थांबले. माझा तेवढा थांबला नाही. माझ्याकडे बुंदीची बादली होती, आणि मी एकाच माणसाच्या पत्रावळीत बुंदी टाकत राहिले. शेवटी तोच म्हणाला, "बस करा ना बाई, मले घरी जायचं हाय."

बेसूर ती नव्हती. अडाणी माझी पेटी होती. आणि अक्कल बघा, त्यानंतरही मी दुसरी पट्टी शिकले नाही. गुडघे दुखतात असं सांगून मंडळ सोडलं. तेव्हा माझे गुडघे हरणासारखे होते.

हे सगळं उकरून काढलं माझ्या नातीनं, तिला पत्ताही नसताना.

नात कॉलेजात आहे. गिटार वाजवते, गाते. तिचा चार जणांचा रॉक बँड आमच्याच माडीवर, टिनाच्या छताखाली सराव करायचा. मोबाईलवर ऐकलेली गाणी जशीच्या तशी, जोरात आणि उंच. गावात तिची ओळखच 'ती गाणारी' अशी. लोक तिच्या आवाजासाठी यायचे, आणि तिलाही ते ठाऊक होतं. मग चौघांतले दोघं नोकरीला गेले, एक नागपूरला, एक इंदूरला. राहिली नात आणि तिचा ड्रमवाला. त्यात दिवाळीनंतर मैदानावर मोठा कार्यक्रम ठरलेला.

गेलेल्यांच्या जागी दोघं आले भरवेलीहून, एकाच मोटरसायकलवर. एक मुलगी आणि तिचा चुलतभाऊ. दोघांचेही बाप खाणीत कामाला. मुलगी बापाच्या गायन पार्टीत गात वाढलेली. भाऊ बेंजो वाजवायचा, तोच कळा दाबून वाजवायचा, वरातीतला. ते वाद्य बघताच ड्रमवाला म्हणाला, "भाई, बारात में जाना है क्या?"

तो पोरगा शांतपणे वायर जोडत म्हणाला, "तू घोडी बन जा, मैं बजा देता हूँ."

मला तो तिथेच आवडला.

मी चहा घेऊन वर गेले तेव्हा नवी पोरगी नातीचं गाणं नातीच्या पट्टीत गात होती. वरच्या ओळीवर तिचा आवाज फाटला. ड्रमवाला म्हणाला, "इससे नहीं होगा. पीछे से हाँ-हूँ कर लेगी."

जीभ त्याची होती, अक्कल माझीच.

मी काही बोलणार तेवढ्यात नात पोरीला म्हणाली, "तू घरी कशी गाते, तशी गा ना. बाबाच्या बाजूले बसून गाते तशी."

ती गायली. खाली, पोटातून. नातीनं डोळे मिटून ऐकलं आणि गिटारच्या खुंट्या पिळायला लागली. एकेक तार ढिली करत गेली, पोरीच्या आवाजाला टेकेपर्यंत. मग सगळ्या तारांवरून हात फिरवला. ढिल्या तारांचा असा जाड घुमारा उठला की टिनावरची कबुतरं उडाली. ड्रमवाला आधी नुसताच बघत बसला, मग घाई सोडून जड हातानं वाजवू लागला. त्या घुमाऱ्यावर बेंजो चमकत होता, आणि मध्ये ती पोरगी. रॉक मला कळत नाही. पण इतके दिवस माडीवर दुसऱ्यांची गाणी वाजत होती, आणि त्या दुपारी यांचं स्वतःचं वाजलं, एवढं कळलं. चहा सगळ्यांनी थंडच प्यायला.

पोरं गेल्यावर मी नातीला गाठलं.

"मंग तू काहून नाही गायली?"

"माझा आवाज इतका खाली जात नाही, आजी."

"त वर घे!"

"वर घेतलं त तिचा फाटते."

"फाटू दे. बँड तुहा हाय. लोक तुले ऐकाले येतेत. उद्या तुलेच मागं उभं करतीन!"

हो, मीच बोलले हे. बुंदीवाली. नात समोर असली की शिकलेलं सगळं वाफ होऊन जातं. नात उठून न्हाणीघरात गेली. आतून आवाज येत होता. खालच्या पट्टीत गाऊन बघत होती. गाणं नव्हतं ते, नुसती हवा. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. पण दुसऱ्या दिवशीही तारा तिनं उतरवल्याच.

कार्यक्रमात तिनं एकच गाणं स्वतःकडे ठेवलं. नवी पोरगी माईकशी आली तशी पुढच्या खुर्च्यांतून आरडाओरडा सुरू झाला, "गाणारीले आणा! गाणारी कुठं हाय?" पोरगी घाबरली, ओळच विसरली. नातीनं तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. तोच तुकडा पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला, जसं काही तो तसाच बसवलेला होता. दार उघडं धरून उभं राहावं तशी ती वाजवत राहिली. आणि पोरगी आत आली. आली ती अशी आली की ओरडणारे बसले. काही जण उठून घरीही गेले, खोटं कशाला सांगू. पण मागची भरवेलीची पोरं खुर्च्यांवर चढली, आणि माझ्या शेजारची बाई, जी फक्त समोशासाठी आली होती, समोसा हातात धरून बसून राहिली.

संपल्यावर मी स्टेजमागे गेले. नात वायर गुंडाळत होती. मी विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

ती म्हणाली, "वाटलं ना, आजी, लय वाटलं. ते ओरडून राह्यलते तवा माईक हिसकून घ्यावा वाटला. पण तिच्या बाजूले उभं राहून जे ऐकू येते ना, ते मले सोता गाताना कधी ऐकूच नोहतं आलं. आता हे वायर पकड, अन् तू नको रडू, लोक पाहून राह्यले."