धाकट्या जावेचा पास

माझ्या धाकट्या जावेला विधानभवनाच्या गॅलरीचा पास मिळाला, आणि दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पंधरा हिवाळे मी आमदार निवासाच्या खानावळीत पोळ्या लाटते आहे. अधिवेशन लागलं की आमदारांपासून त्यांच्या ड्रायव्हरांपर्यंत सगळे माझ्या हातचं खातात. आत काय चालतं ते पाहायचं का, असं मला कोणी विचारलं नाही. ही चार घरची भांडी घासते, आणि त्यातल्या एका मालकिणीच्या विधानभवनात नोकरीला असलेल्या भावाने हिला पास काढून दिला. त्या दिवशी विधानसभेत घरकाम करणाऱ्या बायांच्या पगारी रविवारचं विधेयक होतं.

संध्याकाळी ती लेकीच्या लग्नातलं लुगडं नेसूनच परतली. गल्लीतल्या बाया तिच्याभोवती गोळा झाल्या.

"मंत्री बोलला, मंग बाकीचे बोलले," ती सांगू लागली. "मंग अध्यक्ष म्हणे, अनुकूल असतील त्याइनं होय म्हणा. सारे ओरडले, होय! नाही म्हणणारे दोघं-चौघं. झालं, विधेयक संमत! आता रविवारी सुटी, जाऊबाई."

"तू नाही ओरडली वं?" शेजारणीने विचारलं.

"ओरडनारच होती. शिपायानं डोळे वटारले."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही.

मी चौथीपर्यंतच शिकले. पण खानावळीत पडलेली कामकाजाची पत्रकं वाचते, आणि जे कळत नाही ते जेवायला आलेल्या बाबूंना विचारते. विधानसभेने होय म्हटलं म्हणजे अर्धंच झालं. पुढे विधेयक विधान परिषदेत जातं, तिथे पुन्हा चर्चा, पुन्हा होय-नाही. परिषदेने बदल सुचवले तर परत विधानसभेत. मग राज्यपालांची सही, मग राजपत्रात छपाई. तोवर तो कायदा नाही. हे सगळं ओठांवर आलं होतं. मी गिळलं. गॅलरीत बसून आली ना, मग तिलाच माहीत, असं म्हटलं मनात.

रविवारी ती कामाला गेली नाही. मालकिणीचा फोन आला, तर म्हणाली, "कायदा झाला बाई, म्या डोळ्यानं पाह्यला." मालकिणीने भावाला विचारलं. विधेयक परिषदेत आलंच नव्हतं आणि अधिवेशन संपलं होतं. सोमवारी तिला दारातूनच परत पाठवलं.

ती थेट माझ्याकडे आली. "तुमाले ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"तू इचारलं कुठं?"

चहा ठेवला होता, तो न घेता ती गेली. खोटं कशाला लिहू, मला आधी बरं वाटलं. वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी.

आठवड्याने त्याच मालकिणीने मला निरोप धाडला. अधिवेशन नसलं की मला काम नसतं, मी ते घर धरलं. जावेला सांगितलं तर ती म्हणाली, "घ्या. तुमाले तर कायदा समजते."

वाटलं होतं, आता ती गॅलरीचं नाव काढणार नाही. पण बाया अजून तिच्याच दारात जमतात, आणि ती अध्यक्षांसारखी मान ताठ करून सगळ्यांकडून होय म्हणवून घेते. मी परिषदेचं सांगायला गेले तर म्हणतात, "थांबा ना वं बाई, हिचं ऐकू द्या." मी थांबत नाही. मालकिणीकडे भांडी पडलेली असतात, रविवारीसुद्धा.